ठोकळ्याला मान देऊ नका

आमच्या घराच्या वास्तूला लोकांनी काय काय आणलं होतं. कुकर आले, चादरी आल्या, भिंतीवरची घड्याळं तर इतकी आली की पुढची दोन वर्षं आम्ही कुणाच्याही लग्नाला घड्याळच नेत होतो. सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला सिमेंटचा ठोकळा आणला. अर्ध्या विटेएवढा, करड्या रंगाचा, एका बाजूला आकडा कोरलेला. माझ्या सासूबाईंना वाटलं मिठाईचा डबा आहे, म्हणून त्यांनी एकाच हातात घेतला आणि हात एकदम खाली गेला.

"हा वापरा," सर म्हणाले.

"कशाले?" सासूबाईंनी विचारलं.

"कशालाही. त्याच्यावर धुणं आपटा, भांडी घासा, न्हाणीत ठेवा. फक्त फेकू नका. मी दरवर्षी येऊन बघून जाईन."

सासूबाई हसल्या, ठोकळा पदराने पुसला, आणि सर पंगतीत बसल्यावर मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाल्या, "हा मानूस बरा हाये ना वं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून पुरतं दिलेलं नाही. त्या दिवशी पंगतीत बसण्याआधी सरांनी खिशातून किल्ली काढून आमच्या नव्याकोऱ्या ओसरीवर एक ओरखडा काढला होता, नखाने तो चाचपून पाहिला होता आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, "पाणी कमी मारलं तुमच्या मिस्त्रीनं." तो ओरखडा आजही आहे. त्यांचं म्हणणंही खरंच होतं, दुसऱ्याच उन्हाळ्यात ओसरीची पापडी निघायला लागली. पण वास्तूच्या दिवशी सांगायची का ही गोष्ट?

तर असे सर. यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याकडे जाताना लागतं त्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते सिव्हिलला शिकवायचे आणि मी पहिल्या वर्षाच्या पोरांना केमिस्ट्री. त्यांची किल्ली जिल्ह्यात प्रसिद्ध होती. मंगल कार्यालय असो, बसस्टँडचा बाक असो, कुणाच्या दहाव्याचा ओटा असो, सर आधी ओरखडा काढणार आणि मग बसणार. घराच्या कुलपाला ती किल्ली लागत नसे, कारण तिचे दात कधीच झिजून गेले होते. घराची किल्ली वेगळी होती आणि ती ते हमखास विसरत.

त्यांचं खरं काम कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. तिथे प्लॅस्टिकच्या टबांत पाण्याखाली ठोकळे बुडवून ठेवलेले असत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी विचारलं, हे कशासाठी? त्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आंब्याच्या लोणच्याची गोष्ट सांगितली. ती त्यांची ठरलेली गोष्ट होती, नव्या माणसाला ती ऐकावीच लागे.

"लोणचं घातलं की बरणीची दोन कामं," ते म्हणायचे. "लोणच्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे एक. आणि लोणच्याला बरणी खाऊ द्यायची नाही, हे दुसरं. आता समजा लोणचं विषारी आहे. आणि बरणी तीनशे वर्षं फुटता कामा नये. अशी बरणी मी शोधतोय."

विषारी लोणचं म्हणजे अणुवीज केंद्रातला कचरा. त्यातला सगळाच काही भयंकर नसतो. पाणी गाळून उरलेला गाळ असतो, वापरलेली गाळणी असतात, असंच काहीबाही. हा हलका कचरा सिमेंटात कालवून, पिंपात भरून, घट्ट करून ठेवतात. पण त्यात सिझियम नावाची एक चीज असते, ती नेहमीच्या सिमेंटातून मिठासारखी पाझरते. तिचा जोर तीस वर्षांनी निम्मा होतो, आणखी तीस वर्षांनी त्याच्या निम्मा. असं दहा वेळा निम्मं झालं की काळजी मिटली. म्हणून तीनशे वर्षं. सरांनी तरुणपणी एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत हेच काम केलं होतं. मग आईचं दुखणं निघालं म्हणून ते यवतमाळला परत आले, आणि काम सोबत घेऊन आले. औष्णिक वीज केंद्राची राख आणि पोलादाच्या भट्टीची मळी, दोन्ही लोकांनी फेकून दिलेल्या वस्तू, त्यांत तिखट अल्कली घालून ते आपलं वेगळं सिमेंट बनवायचे. शेडमधल्या टबांत जे बुडवलेलं असे त्यात सिझियम होतं, पण ते साधं, किरणं न टाकणारं, आमच्या केमिस्ट्रीच्या कपाटात बाटलीत मिळतं ते. "त्याच घराण्यातला सज्जन भाऊ," असं सर म्हणत.

हे कुणाला पटेल तर शपथ. कॉलेजात बातमी होती की सरांच्या शेडमध्ये बॉम्ब बनतो. ऑफिसातले एक क्लार्क तर शेडवरून जाताना मधे दुसऱ्या माणसाला घालून चालायचे. सरांनी त्यावर कुणाशी वाद घातला नाही. ते रोज दुपारी डबा खाल्ल्यावर शेडच्या दारात सतरंजी टाकून, एक ठोकळा उशाला घेऊन, सगळ्या कॉलेजला दिसेल असे झोपायचे. वर्षभरात क्लार्कची भीती गेली आणि सरांची मान धरली.

उन्हाळ्यात यवतमाळात नळ किती दिवसांनी येईल हे सांगता येत नाही. त्या दिवसांत सर आंघोळीला बुट्टी मारत, पण टबातलं पाणी ठरल्या दिवशी बदलत. "माणूस आंघोळीवाचून मरत नाही," ते सांगत. "नमुना मरतो." त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं की घरात मरत नाही तो वास. त्या बाई मोठ्या शांत होत्या आणि वर्षातून एखादंच वाक्य बोलत, पण ते असं असे.

वर्गात त्यांचा एक शब्द वर्ज्य होता. कुणी पोराने उत्तरात 'टिकेल' असं म्हटलं की सर खडू खाली ठेवत. "टिकेल असं ज्योतिषी म्हणतात. आपण टिकलंय म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं." यातच त्यांचं सगळं दुखणं होतं. साधं सिमेंट शंभराहून जास्त वर्षं माणसाच्या हाताखाली आहे, त्याचे जुने धक्के आहेत, पूल आहेत, जाऊन बघता येतात. सरांच्या सिमेंटाला इतिहासच नाही. ते उद्या कसं वागेल हे कुणालाच माहीत नाही. लोक प्रयोगशाळेत गरम करून, आम्लात बुडवून, घाईघाईने त्याला म्हातारं करतात आणि आलेख काढतात. सरांचा त्यावर विश्वास नव्हता. "पोराला उन्हात उभं केलं की ते काळं होतं, म्हातारं होत नाही."

मग म्हातारं कसं करायचं? तर जगू द्यायचं. म्हणून नोकरीच्या सुरुवातीच्याच काळात त्यांनी एका दमात पुष्कळ ठोकळे ओतले, नुसते, सिझियमबिझियम काही न घालता, आणि जिल्हाभर वाटून टाकले. विद्यार्थ्यांना दिले, ओळखीच्यांना दिले, लग्नात दिले, मुंजीत दिले. प्रत्येकाला एकच सांगणं, वापरा. टबातलं पाणी स्वच्छ असतं, जग तसं नसतं. साबण, सोडा, खत, मूत, ऊन, पाय, सगळं त्या ठोकळ्यांवर पडायला हवं होतं. काही जास्तीचे त्यांनी शेडमध्ये राखून ठेवले होते. आमच्या वास्तूला आला तो त्यांतलाच.

भाऊबीज आटोपली की सर या ठोकळ्यांच्या भेटीला निघत. माझी ओळख झाल्यावर दोन वर्षांत त्यांचं हे काम माझ्या स्कूटीवर आलं, कारण त्यांना गाडी येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. मागे सर, सरांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत वजनकाटा, गळ्यात मफलर. नेर, दारव्हा, मधली खेडी. जिथे जावं तिथे चहा, पोहे, चिवडा. मग अंगणातल्या नळाशी किंवा न्हाणीशी ठेवलेला ठोकळा पुसायचा, तोलायचा, किल्लीने ओरखडा काढायचा. ठोकळा बघून सरांचा चेहरा खुलायचा. कॉलेजात लोक म्हणायचे, सर लेकींना भेटायला निघाले.

"लेकीच आहेत," सर एकदा मागून म्हणाले. "फरक एवढाच, की दिल्या घरी हाल झाले पाहिजेत."

"सर," मी म्हटलं, "लेकींबद्दल पुन्हा असं बोललात तर इथेच उतरवीन आणि मागून येणाऱ्या जीपमध्ये कोंबून पाठवीन."

दारव्हा आलं तसे सर उतरले. उतरल्यावर म्हणाले, "चुकलं मॅडम. जावई म्हणू." तेव्हापासून आम्ही ठोकळ्यांना जावई म्हणायला लागलो. पुढे जे झालं ते बघता हे नाव फारच बरोबर होतं.

निवृत्तीच्या वर्षी सरांना एक फोन आला. ते जिथे तरुणपणी होते तिथलेच आता वर गेलेले कुणी शास्त्रज्ञ. त्यांनी सरांचं काम वाचलं होतं. ते म्हणाले, तुमच्या मिश्रणाचे आकडे चांगले आहेत, पण असे आकडे खूप जणांचे असतात. खरोखर जगलेला, खाल्लेला, झिजलेला एखादा तुकडा असेल तर पाठवा. आत काय झालंय ते आम्ही बघतो. बरं निघालं तर आमच्या लांब पल्ल्याच्या चाचणीत तुमचं मिश्रण घेऊ. मात्र यंदाच, पुढे जागा नाही.

सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये आले आणि स्वतःहून सगळ्यांना चहा पाजला. मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर शेड रिकामी करावी लागणार होती, टब जाणार होते. ते काम मरायचं की पुढे चालायचं, हे आता एका झिजलेल्या ठोकळ्यावर होतं, आणि सरांना वाटत होतं की असे ठोकळे आपल्यापाशी गावोगाव आहेत.

भाऊबिजेची वाट न बघता आम्ही त्याच आठवड्यात नेरला निघालो. सरांचा एक जुना विद्यार्थी तिथे होता, कापूस-सोयाबीनची चांगली शेती, मोठं घर. दरवर्षी त्याच्याकडे ठोकळा नळाखाली असायचा. या वेळी आम्ही न कळवता गेलो होतो. नळाखाली बादली होती. ठोकळा नव्हता. त्याची बायको आम्हाला बघून गोंधळली, आत गेली, आणि मी दारातून बघितलं तर ती शोकेस उघडत होती. कपबश्यांचा सेट, पोराची क्रिकेटची ढाल, आणि दोन्हींच्या मधे सरांचा ठोकळा. खाली क्रोशाचा रुमाल.

सरांनीही बघितलं. तेवढ्यात शेतातून तो विद्यार्थी आला, त्याने परिस्थिती ओळखली आणि मान खाली घातली.

"हा इथे कधीपासून आहे?" सरांनी विचारलं.

"सर, पयल्यापासूनच."

"आणि दरवर्षी नळाखाली असतो तो?"

"तुमी येनार म्हटलं की आदल्या दिवशी ठेवतो, सर. पानी मारून."

"अरे, पण मी वापरायला सांगितलं होतं."

"सर, तुमी हातानं देल्ली वस्तू," तो अगदी कळवळून म्हणाला. "मोरीत कशी ठेवू? पाय लागते."

रागवावं असं त्यात काही नव्हतंच. आम्ही पोहे खाल्ले. पोहे चांगले होते. सरांनी अर्धी बशी तशीच ठेवली.

पुढचे तीन-चार दिवस आम्ही न सांगता घरोघर गेलो आणि जिथे तिथे तेच. एका घरी ठोकळा देवघरात होता, आकड्याच्या खाचेत हळद-कुंकू. दारव्ह्याच्या एका व्यापाऱ्याने तो मखमलीत गुंडाळून चांदीच्या भांड्यांसोबत कपाटात ठेवला होता. आडवाटेमुळे आजवर भेट राहून गेलेल्या एका मास्तरांनी तर दर दिवाळीला घराबरोबर त्यालाही ऑइलपेंट मारला होता, आणि तो किती टवटवीत राहिलाय हे मोठ्या कौतुकाने दाखवलं. इतकी वर्षं आम्ही गावोगाव फिरून जे तोललं ते म्हणजे शोकेसमध्ये आरामात बसलेले, कुणाचा पाय न लागलेले, वर्षातून एकदा आंघोळ घातलेले जावई होते. सगळ्या जिल्ह्याने सरांची आब राखली होती, आणि सरांचं काम बसलं होतं.

परतताना एका गावाच्या पाटीपाशी स्कूटी थांबवून आम्ही निंबाखाली बसलो. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं. मला लोकांचाही राग येईना, कारण घरी गेल्यावर मी स्वतः काय बघणार आहे ते मला ठाऊक होतं. आमचा ठोकळा हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता. सासूबाई त्याच्यावर फुलदाणी ठेवत, आणि सर यायच्या दिवशी तो न्हाणीत हलवत.

"मॅडम," सर म्हणाले, "या लोकांनी माझ्यावर इतकं प्रेम केलं, की माझी वाट लागली." आणि स्वतःच हसले. मग बराच वेळ जमिनीवर किल्लीने रेघा ओढत बसले.

"एकही नाही का, सर, तुमच्यावर प्रेम न करणारं?" मी चिडवायला म्हणून बोलले. तर ते रेघ ओढायचे थांबले.

"एक आहे," ते म्हणाले.

दारव्ह्याच्या पलीकडे एका बंजारा तांड्यावर एक बाई होत्या. तांडा त्यांना याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. त्यांचा मुलगा सरांचा विद्यार्थी. सर त्यांच्या घरी गेले होते, चहा प्याले होते, पहिल्या वाटपातला एक ठोकळा देऊन आले होते. त्याच वर्षी सरांनी त्या मुलाला नापास केलं. तेव्हापासून याडीने सरांना तांड्याच्या तोंडाशीच उभं करून इतकं सुनावलं होतं की सरांनी ते घर वगळून टाकलं. पार विसरून गेले होते म्हणा, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

"जायचं का?" मी विचारलं.

"त्यांनी फेकला असेल."

"टिकेल म्हणू नये तसं फेकला असेलही म्हणू नये, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. सरांनी पिशवी छातीशी धरली होती. याडी अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. वय झालेलं, पण नजर तिखट. सरांना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"आले का मास्तर. मले वाटलं मेले अस्तील."

"नमस्कार, याडी."

"कायले आले? अजून एखादं पोरगं ऱ्हायलं का नापास कराचं?"

"तेव्हा पेपर कोरा होता हो, याडी."

"कोरा होता तं थे पोराची चूक. म्या कुठं नाई म्हनतो? पन तुमी आमच्या घरी येऊन च्या पेलते. च्या पेऊन मानूस असं करते काय?"

सरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मुलगा पुढच्या वर्षी पास झाला होता, आता बाहेरगावी चांगल्या कामावर होता, फोनवर तो सरांशी गोड बोलायचा. पण चहाचा हिशेब त्याच्या आईकडे होता आणि तो मिटलेला नव्हता.

मीच पुढे झाले आणि विचारलं, "याडी, सरांनी एक दगड दिलता तुमाले. सिमेंटचा. हाय का?"

"हाये ना. जाईन कुठं?"

त्या उठल्या आणि आम्हाला मागे कोठ्यात घेऊन गेल्या. आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. बैलजोडी बाहेर गेली होती, एक गाय आणि दोन शेळ्या होत्या. जनावरांचं मूत वाहून उकिरड्याकडे जातं त्या नालीत, अगदी तोंडाशी, चिखलात अर्धा रुतलेला सरांचा ठोकळा होता. याडीने त्याच्यावर पाय देऊनच आम्हाला दाखवला. येताजाता नाली ओलांडायची पायरी म्हणून तो टाकलेला होता. बाजूला युरियाची पोती.

"त्या वर्षीच आनून टाकला इथं," याडी म्हणाल्या. "म्हटलं, मास्तराच्या डोक्यावर रोज पाय देईन. तुमच्या नावानं दोन शब्द बोलल्याबिगर मी या कोठ्यात पाय टाकत नाई."

सिमेंटाला गोठ्याएवढी वैरी जागा दुसरी नाही. मूत, शेण, खत, वरून ऊन आणि खुरांचा मारा. सर अशी जागा शोधत होते आणि कुणाला सांगायला धजत नव्हते. ती याडीने त्यांना न सांगता दिली होती, रोज शिव्यांसकट.

सर त्या घाणीत गुडघ्यांवर बसले. पँटचा विचार केला नाही. त्यांनी हाताने चिखल काढला. ठोकळ्याच्या कडा झिजल्या होत्या, आकडा पुसटला होता, वरचा थर खरवडला गेला होता. त्यांनी किल्ली काढली, ओरखडा काढला, आणि मग पिशवीतून छिन्नी-हातोडी काढून याडीकडे बघितलं.

"एक कोपरा तोडू का?"

"तोडा. मले काय."

या सिमेंटाची एक गंमत सरांनी मला पहिल्याच दिवशी दाखवली होती. ताजं फोडलं की ते आतून हिरवं-निळं असतं. हवा लागली की काही दिवसांत तो रंग उडतो आणि करडं होतं. म्हणून जुना ठोकळा फोडला की कळतं, बाहेरचं जग किती आत शिरलंय. जिथवर करडं, तिथवर जग. जिथून हिरवं, तिथून बरणी शाबूत.

कोपरा दोनदा ठोकूनही तुटला नाही. तिसऱ्यांदा तुटला. सरांनी तो तळहातावर उलटा केला. कडेने नखाएवढा करडा थर होता, आणि त्याच्या आत लख्ख हिरवं-निळं, आमच्या शेडमध्ये काल फोडल्यासारखं.

त्यांनी तो तुकडा मला दिला, मी बघितला, मी याडीला दिला. याडीने तो उजेडाकडे धरला.

"मोराच्या पिसावानी हाये," त्या म्हणाल्या. मग सरांकडे बघून, "मास्तर, रडून काहून राह्यले?"

"टिकलंय, याडी," सर म्हणाले. इतक्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्यांच्या स्वतःच्या सिमेंटाबद्दल पहिल्यांदा ऐकला.

आता खरी अडचण पुढे होती. कोपरा पुरणार नव्हता, आख्खा ठोकळा न्यावा लागणार होता. आणि याडी देईनात.

"मी नाई देत. दुसरे तीन दगड टाकले म्या या नालीत. एक फुटला, दोन झरून गेले. हा एकच ऱ्हायला. मी पाय कशावर देऊ?"

सर हात जोडून उभे राहिले. मी याडीला परोपरीने सांगितलं की यावर यांचं आयुष्यभराचं काम अडलंय, मोठ्या ठिकाणी जाणार आहे हा. याडी ऐकत होत्या, शेळ्यांना चारा टाकत होत्या, डोळे सरांच्या चिखलाने भरलेल्या पँटवर होते.

"बदल्यात दुसरा द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "याच्यावानीच. आन् तुमी सोता बसवून द्याल. मंग न्या."

शेडमध्ये राखलेले ठोकळे तोवर सगळे वाटून संपले होते. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आहे. माझ्या हॉलमध्ये आहे."

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. वास्तूची वस्तू कोणी बाहेर देतं का? सरांना काय वाटेल? मी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली आणि म्हटलं, आई, सरांनाच न्यायचाय. मग त्या निवळल्या, ठोकळा पदराने पुसून दिला, आणि वर हळदीकुंकवाचं बोट लावलं. मी ते दारव्ह्याच्या वाटेवर एका पाइपलाइनच्या गळतीखाली धुऊन टाकलं.

सरांनी स्वतःच्या हाताने तो नालीत बसवला. खाली वाळू घातली, लेव्हल बघितली. उभे राहून याडीला म्हणाले, "एक विनंती आहे. याला मान देऊ नका."

"तुमचा हाये म्हटल्यावर कायले देऊ?" याडी म्हणाल्या. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या. सरांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

"प्या," याडी म्हणाल्या. "आता कोनाले नापास कराचं ऱ्हायलं तुमचं?"

तो नालीतला ठोकळा मोठ्या ठिकाणी गेला. तिथे त्याचे काप काढले, आत काय शिरलं काय नाही ते बघितलं, आणि सरांचं मिश्रण त्यांच्या चाचणीत घेतलं गेलं. आता त्यांच्याकडच्या पाण्यात सरांच्या सिमेंटाचे नमुने आहेत, सज्जन भाऊ नव्हे, खरं सिझियम पोटात घेऊन. ते आपल्या सगळ्यांनंतरही तिथे राहतील. तीनशे वर्षं टिकेल का, असं मी सरांना विचारत नाही. तो शब्द अजून वर्ज्य आहे.

सर यवतमाळातच असतात. शेडच्या जागी आता पार्किंग आहे, त्याचा त्यांना फारसा खेद नाही. गुडघ्यांमुळे स्कूटीवर बसवत नाही, म्हणून भाऊबिजेनंतर तांड्यावर मी एकटी जाते. वजनकाटा नेते, किल्ली नेते. ती किल्ली सरांनीच मला दिली आहे. याडी मला कोठ्यात नेतात, मी ठोकळा पुसते, तोलते, पुन्हा बसवते. चहा होतो. मग तांड्यावरूनच सरांना फोन लावायचा, असा रिवाज पडला आहे.

वजनाचा आकडा त्यांना संध्याकाळी चालतो. फोन उचलल्याबरोबर पहिला प्रश्न वेगळा असतो.

"मॅडम, शिव्या देतात ना अजून?"

मी फोन याडीच्या दिशेने धरते. याडी ठोकळ्यावर पाय देऊन उभ्या असतात आणि मोठ्याने म्हणतात, "त्या मास्तराले सांगजा, एक दिवस खाडा केला नाई."

पलीकडे सर समाधानाने हसतात आणि फोन ठेवतात.